बंद पडलेला ओपन सोर्स स्ट्रॅटेजी गेम पुन्हा उभा करायचाय : आहे तो दुरुस्त करावा की गोडो या गेम इंजिनमध्ये नव्याने लिहावा?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी.

एक जुना टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम आहे. षटकोनी घरांचा नकाशा, सहा राज्यं, नेटवर्कवर आठ जणांपर्यंत खेळता येतं. सी++ मध्ये लिहिलेला, एसडीएल १.२ वर (खिडकी, माउस, आवाज सांभाळणारी लायब्ररी). शेवटचं रिलीज २०११ चं, कोड सोर्सफोर्ज या साइटवर सबव्हर्जनमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारी जुनी पद्धत) पडून आहे. पानावर लायसन्स जीपीएल २ (कोड बदलून त्याच अटींवर वाटू देणारं) लिहिलंय. मूळ मेंटेनरला अजून विचारलेलं नाही, म्हणून नाव आत्ता देत नाही.

आम्ही जळगाव, भुसावळ आणि शिरपूर मिळून नऊ जण आहोत. तिघांना सी++ बऱ्यापैकी येतं, दोघं चित्रं काढतात, बाकीचे खेळून चाचणी करायला तयार. बहुतेकांचे लॅपटॉप ४ जीबी रॅमचे, त्यांवर उबुंटू २४.०४ किंवा विंडोज १०. नेट मोबाईलचं, दिवसाला दीड जीबी.

उबुंटूवर बिल्ड केलं तर दोनशेच्या वर एरर येतात. "थ्रो(...) चालत नाही", "यूइंट३२_टी ओळखता येत नाही", "बाईट संदिग्ध आहे", आणि सोबतच्या सी फाईलींमध्ये लिंकरचं "एकाच नावाची अनेक डेफिनिशन". आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, हे सगळं सोडा आणि गोडोमध्ये नव्याने लिहा. प्रश्न तीन :

१. दुरुस्ती की नवं लेखन?
२. कोणत्या क्रमानं कामाला लागावं?
३. बाहेरची माणसं जोडायची कशी, आणि टिकवायची कशी?

पुढे खानदेशचा नकाशा आणि अहिराणी भाषांतर घालायची फार इच्छा आहे.

---

गिरणा

दुरुस्ती. भाऊ, यात दुमत नको. स्ट्रॅटेजी गेमचा जीव नियमांत असतो : कोणत्या तुकडीला कोणत्या जमिनीवर किती बचाव, एआय माघार कधी घेतो, रसद कुठे तुटते. यातलं निम्मं कुठेच लिहून ठेवलेलं नसतं, ते फक्त कोडमध्ये असतं. नव्याने लिहायला घेतलं की हे सगळं पुन्हा शोधावं लागतं, आणि तोवर खेळायला हातात काही नाही. अननोन होरायझन्स या खेळानं पायथन आणि फाइफ इंजिन सोडून गोडोचा रस्ता धरला आणि पोर्ट वर्षानुवर्षं अर्ध्यावर राहिला. त्यांच्याकडे तर तुमच्याहून जास्त माणसं होती.

तुमचे दोनशे एरर दिसतात तेवढे गंभीर नाहीत. कारणं चार-पाचच असतात, तीच पुन्हा पुन्हा येतात. जीसीसी या कंपाइलरच्या ११ व्या आवृत्तीपासून सी++ चं डिफॉल्ट १७ झालं. १७ मध्ये जुनी थ्रो यादी चालत नाही, आणि "युजिंग नेमस्पेस एसटीडी" लिहिलेल्या फाईलींत बाईट हे नाव दोन ठिकाणांहून येतं, म्हणून संदिग्ध. यूइंट३२_टीचा एरर जीसीसी १३ मुळे : पूर्वी दुसऱ्या हेडरच्या आडून जे आपोआप मिळायचं ते आता मिळत नाही, सीएसटीडीइंट स्वतः इनक्लूड करावं लागतं. लिंकरचा एरर जीसीसी १० पासूनचा, कारण तेव्हा नो-कॉमन हे डिफॉल्ट झालं. हेडरमध्ये "एक्स्टर्न" न लावता व्हेरिएबल जाहीर केलं असणार.

म्हणून आज एवढंच करा : सी++ साठी स्टँडर्ड ग्नू++९८ द्या, सी साठी एफ-कॉमन द्या, आणि कोडला हात न लावता बिल्ड होतं का बघा. एसडीएल १.२ च्या जागी एसडीएल१२-कॉम्पॅट टाका. ते जुने कॉल आतून एसडीएल २ कडे वळवतं. खिडकी उघडली, माउस चालला, एक डाव शेवटपर्यंत गेला की त्या जागेला टॅग मारा. हा तुमचा पाया. पुढे प्रत्येक बदल याच्याशी ताडून पाहायचा.

त्यानंतर क्रम असा : ऑटोटूल्सवरून सीमेक (दोन्ही बिल्ड चालवणारी साधनं), मग सी++ १७ चे खरे बदल, मग एसडीएल २. तिन्ही एकदम करू नका. एकदम केलं आणि बिघडलं, तर कशानं बिघडलं ते सापडत नाही. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून एक पूर्ण डाव खेळा. इतक्या जुन्या कोडमध्ये ॲरेच्या बाहेर वाचणं हमखास निघतं, बहुतेक वेळा नकाशाच्या काठावरच्या घरांत, कारण शेजारची सहा घरं काढताना काठ तपासलेला नसतो.

४ जीबीच्या मशीनवर एका वेळी दोनच कंपाइल चालवा. टेम्प्लेटवाली एक फाईल कधी कधी १ जीबीपर्यंत खाते, चार लावली की मशीन स्वॅपमध्ये जाऊन गोठतं. सीकॅश (आधीचं कंपाइल साठवून ठेवणारं साधन) टाका, दुसऱ्या बिल्डपासून वेळ खूप वाचतो.

अजून एक : डेबियन, फेडोरा, जेंटू, फ्रीबीएसडी या सिस्टिमांकडे हा खेळ पॅकेज म्हणून आहे का ते रिपॉलॉजी या पॅकेजांची यादी देणाऱ्या साइटवर बघा. असेल तर त्यांच्या पॅचेसच्या फोल्डरमध्ये तुमच्या निम्म्या एररची उत्तरं तयार असतील.

---

पांझरा (धुळे)

वरचं सगळं बरोबर. पण कोडला हात लावण्याआधी दोन कामं.

पहिलं, इतिहासाची प्रत. सोर्सफोर्जवरून सबव्हर्जनची पूर्ण रिपॉझिटरी आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनानं उतरवता येते. आधी ती घ्या आणि तिच्यावरच, आपल्या डिस्कवर, गिट-एसव्हीएन (सबव्हर्जनचा इतिहास गिटमध्ये आणणारं साधन) चालवा. थेट सर्व्हरवरून गिट-एसव्हीएन लावलं तर प्रत्येक रिव्हिजनला वेगळी फेरी होते. मोबाईल नेट मध्येच तुटतं आणि दिवसाचा दीड जीबी संपतो. आरसिंक तुटलं तर जिथं थांबलं तिथून पुढे चालू होतं. लेखकांची फाईल बनवा : प्रत्येक जुन्या युजरनेमसमोर नाव आणि ईमेल. यात आळस केला तर पुढे लायसन्सचा प्रश्न आला की कोणती ओळ कोणाची हे सांगता येत नाही.

दुसरं, लायसन्सची तपासणी. पानावर "जीपीएल २" आहे ते पुरेसं नाही. प्रत्येक सोर्स फाईलचा माथा वाचा : "फक्त आवृत्ती २" आहे की "२ किंवा नंतरची"? फरक मोठा आहे. उदाहरणार्थ ओपनएसएसएल ३ (नेटवर्क सुरक्षित करणारी लायब्ररी) अपाची २.० लायसन्सखाली आहे, आणि "फक्त २" वाल्या कोडशी अपाची जुळत नाही. "किंवा नंतरची" असेल तर ३ धरून पुढे जाता येतं. "फक्त २" असेल आणि बदलायचं असेल, तर ज्याच्या ज्याच्या ओळी उरल्यात त्या प्रत्येकाची लेखी संमती हवी.

चित्रं आणि आवाज यांतच जुने प्रकल्प अडकतात. वॉरझोन २१०० बघा : १९९९ चा विकत मिळणारा खेळ, कोड डिसेंबर २००४ मध्ये जीपीएलखाली खुला झाला, पण त्यातल्या चित्रफितींचा प्रश्न २००८ मध्ये सुटला. तोवर कोड खुला असूनही खेळ पूर्ण नव्हता. झिरो एडीनं हे सुरुवातीलाच वेगळं केलं, कोड जीपीएल २ किंवा नंतरची, चित्र-ध्वनी सीसी बाय-एसए ३.०. तुम्ही एक तक्ता करा. रकाने : फाईल, कोणी केली, कोणत्या रिव्हिजनला आली, लायसन्स कुठे लिहिलंय, मूळ एक्ससीएफ किंवा ब्लेंड (गिंप, ब्लेंडरची) फाईल आहे का. लायसन्स सापडलं नाही की ती फाईल लाल. लाल फाईली रिलीजमध्ये जाणार नाहीत, त्यांच्या जागी साधी रंगीत टाईल चालेल. "नॉन-कमर्शियल" अट असलेली फाईलही लालच धरा, डेबियनच्या मुख्य विभागात ती चालत नाही.

हे काम चाचणीवाल्या मंडळींना द्या. सी++ लागत नाही, आणि हे करता करता खेळाची प्रत्येक फाईल माहीत होते.

मेंटेनरला पत्र छोटं लिहा. चारच गोष्टी मागा : जुन्या पानावर नव्या जागेचा दुवा, डोमेन असेल तर त्याचा ताबा, चित्रांच्या मूळ फाईली, आणि नाव वापरायची परवानगी. उत्तर आलं नाही तरी जीपीएल फोर्क (प्रत घेऊन वेगळा प्रकल्प) करू देतं, पण मग नाव बदला. सोर्सफोर्जची सोडून दिलेला प्रकल्प ताब्यात घ्यायची पद्धत आहे, तीही लावून बघा.

---

वाघूर

नेटवर्कचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. आठ जणांचा खेळ म्हणजे बहुधा लॉकस्टेप असणार : सर्वांना फक्त हुकूम पाठवायचे आणि प्रत्येकाच्या मशीनवर तोच हिशोब व्हायचा. हिशोबात एका बिटाचा फरक पडला की दोन खेळाडू वेगवेगळे डाव खेळायला लागतात, आणि ते कळतं तेव्हा वीस टर्न उलटून गेलेल्या असतात.

२०११ मध्ये बरेच जण ३२ बिट मशीनवर होते, आता उबुंटूचा जीसीसी आणि विंडोजचा कंपाइलर एकत्र खेळणार. फरक कुठून येतो ते क्रमानं तपासा :

फ्लोटिंग पॉइंट. फास्ट-मॅथ कुठे चालू असेल तर काढा, एफपी-कॉन्ट्रॅक्ट बंद करा. साइन-कोसाइनची उत्तरं लायब्ररीगणिक शेवटच्या बिटात वेगळी येऊ शकतात. पक्का उपाय म्हणजे नियमांच्या हिशोबातून फ्लोट हद्दपार करणं. ओपनआरए अंतरं पूर्णांकात मोजतो, एका घराचे १०२४ भाग. टर्न-बेस्ड खेळात हे आणखी सोपं.

यादृच्छिक आकडे. एमटी१९९३७ हा जनरेटर सगळीकडे तेच आकडे देतो, तो स्टँडर्डमध्ये ठरलेला आहे. पण युनिफॉर्म_इंट_डिस्ट्रिब्युशन ठरलेलं नाही, जीसीसी आणि मायक्रोसॉफ्टचं वेगळं उत्तर देऊ शकतं. फासा टाकायचं फंक्शन स्वतःचं, दहा ओळींचं लिहा. आणि चित्राच्या हालचालीसाठी तोच जनरेटर वापरू नका. एकाच्या मशीनवर धुराचा एक कण जास्त निघाला की लढाईचा फासा बदलला.

क्रम. अनऑर्डर्ड मॅपवरून फिरणं, पॉइंटरच्या पत्त्यावर सॉर्ट करणं, समान किमतींवर साधं सॉर्ट. तिन्ही ठिकाणी तुकडीच्या आयडीवर ठाम क्रम लावा.

प्रत्येक टर्नच्या शेवटी सगळ्या स्थितीचा चेकसम (ताडून बघायचा एकच आकडा) काढून एकमेकांना पाठवा. जुळला नाही तर लगेच दोघांकडची पूर्ण स्थिती मजकूर फाईलमध्ये ओता आणि डिफ लावा. पहिली वेगळी ओळ गुन्हेगार दाखवते. पाच-सहा पूर्ण डावांचे रिप्ले रिपॉझिटरीत ठेवा, प्रत्येक बदलानंतर दोन्ही सिस्टिमवर चालवून शेवटचा चेकसम ताडा. गिरणाभाऊ म्हणतात त्या टॅगवरच हे रिप्ले रेकॉर्ड करा.

मेटासर्व्हरचा (चालू डावांची यादी देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता कोडमध्ये पक्का लिहिलेला असेल. ते डोमेन संपलेलं असेल तर उद्या कोणीही विकत घेऊ शकतो आणि तुमच्या खेळाडूंना हवा तो डेटा पाठवू शकतो. पहिल्या रिलीजच्या आधी तो पत्ता काढा, सेटिंगमध्ये न्या.

आणि मोबाईल नेटवर कोणीही होस्ट होऊ शकणार नाही. सीजीनॅटमुळे (कंपनी अनेक ग्राहकांना बाहेरचा एकच पत्ता देते, त्यामुळे) बाहेरून येणारं कनेक्शन तुमच्यापर्यंत पोचतच नाही, पोर्ट फॉरवर्ड करायला राउटर आपल्या हातात नाही. छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन त्यावर खेळाचा सर्व्हर बिनखिडकीचा चालवा, सगळे त्याच्याकडे बाहेर जाणारं कनेक्शन करतील. टर्न-बेस्डला १ जीबी रॅम भरपूर.

---

तापीकाठ (जळगाव)

मनापासून आभार. ग्नू++९८ आणि एफ-कॉमन लावल्यावर दोनशेचे अकरा एरर उरले. अकराही एकाच फाईलमधले, पायथन २ च्या स्क्रिप्टनं तयार होणारी फाईल आहे ती.

आता नकाशा आणि भाषेबद्दल कोणी सांगेल का? भुसावळच्या मुलांना सगळ्यात जास्त उत्साह त्यातच आहे. आणि माणसं जोडायचा प्रश्न अजून तसाच आहे.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

नकाशा आधी घ्या, इंजिन न बदलता होतो. आणि खानदेश स्ट्रॅटेजीसाठी घडवल्यासारखाच आहे : उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून तापी पश्चिमेकडे, आणि पूर्वेला बुऱ्हाणपूर-असीरगडची खिंड, जिथून उत्तरेची फौज दख्खनेत उतरते.

चौकट ७४ ते ७६.५ पूर्व रेखांश, २०.३ ते २१.९ उत्तर अक्षांश घ्या. या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे साधारण १०४ किलोमीटर, म्हणजे चौकट सुमारे २६० बाय १७७ किलोमीटरची. एका घराला २ किलोमीटर धरले तर १३० बाय ८८ घरं. आठ जणांसाठी एवढं बरं, चौघांसाठी ३ किलोमीटरचं घर करा.

उंचीसाठी एसआरटीएमचा (नासाच्या उंची-मोजणीचा) ३० मीटरचा डेटा घ्या, तो सार्वजनिक आहे. जीडॅल या नकाशा-साधनानं सरासरी काढून लहान करा. सरासरीत दोन गोष्टी मरतात. एक, नद्या : तापीचं पात्र २ किलोमीटरच्या घरापुढे काहीच नाही. तापी, पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा, अनेर, गोमाई हातानं घरांच्या कडांवरून काढा आणि चांगदेवचा तापी-पूर्णा संगम नीट जुळवा. ओपनस्ट्रीटमॅपवरून रेषा उचलल्या तर ओडीबीएल लायसन्स लागू होतं, पांझराभाऊंच्या तक्त्यात त्याची नोंद हवी. दोन, खिंडी : सरासरीत अरुंद खिंड डोंगरात बुजते आणि एआयला वाट सापडत नाही. असीरगडची वाट हातानं मोकळी करा. जमिनीचे प्रकार उंचीवर नको, उतारावर ठरवा. दरीचा तळ २०० मीटरच्या आसपास आणि तोरणमाळ ११०० च्या वर असला तरी तोरणमाळच्या माथ्यावर सपाटी आहे, तिथं "डोंगर" लावलं तर चूक.

काळ ठरवायचा तर फारुकी राजवट सरळ बसते, १३८२ ते १६०१. थाळनेर, लळिंग, असीरगड, बुऱ्हाणपूर ही ठाणी. अकबरानं जानेवारी १६०१ मध्ये असीरगड घेतला तो लांबलेल्या वेढ्यानंतर. तुमच्या खेळात वेढ्यात रसद संपायचा नियम नसेल तर असीरगड ज्याच्याकडे तो कधीच हरणार नाही. एआय विरुद्ध एआय, खिडकीशिवाय, २०० डाव चालवून बघा. बाजू सारख्या असल्या तरी २०० डावांत एका बाजूच्या विजयांत ५० टक्क्यांपासून ७ टक्क्यांपर्यंतचा फरक योगायोगानं पडू शकतो, त्याहून जास्त असेल तरच नियमाला हात लावा. पन्नास डावांवरून काही ठरवू नका, तिथं हाच फरक १४ टक्क्यांपर्यंत जातो.

भाषा. आधी फॉन्ट. "किल्ला", "दुर्ग", "शत्रू" हे तीन शब्द मेनूत टाका. वेलांटी क च्या नंतर आली, रफार सुटा पडला, तर इंजिन एकेक अक्षर वेगळं काढतंय आणि भाषांतर सुरू करण्यात अर्थ नाही. हार्फबझ (जोडाक्षरं आणि मात्रा नीट जुळवणारी लायब्ररी) हवं. एसडीएल २ वर गेलात की एसडीएल-टीटीएफ २.०.१८ पासून ते बिल्डमध्ये चालू करता येतं. तोवर नकाशावरची नावं चित्र म्हणून ठेवा.

मग बफर. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाईट घेतं. खेळाडूच्या नावाला ३२ बाईटची जागा असेल तर दहाच चिन्हं मावतात, आणि अकरावं मध्येच कापलं गेलं की समोरच्याच्या मशीनवर नाव वाचताना खेळ पडतो.

वाक्यं जोडून बनवलेली असतील तर मराठीत अडतं. "अमुक अटॅक्स तमुक" यात तमुकला "वर" लावायचं तर नावाचं सामान्यरूप लागतं, जळगाव-जळगावावर, थाळनेर-थाळनेरावर. प्रोग्रामला ते जमणार नाही. "हल्ला : लळिंग, लक्ष्य : थाळनेर" असा साचा करा, आणि जागा क्रमांकित ठेवा म्हणजे भाषांतरकाराला शब्द पुढे-मागे करता येतील.

अहिराणीचा आयएसओ कोड एएचआर आहे, गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनात त्याच नावाचं फोल्डर करा. पण लिनक्सवर अहिराणीचं लोकॅल (भाषेची सेटिंग) नसतं, म्हणून लँग मराठीचं ठेवा आणि लँग्वेज या व्हेरिएबलमध्ये आधी एएचआर, मग एमआर द्या. अहिराणीत न झालेली वाक्यं मराठीत दिसतील. लँग नुसतं "सी" असेल तर लँग्वेजकडे गेटटेक्स्ट बघतच नाही, आणि भाषांतर का दिसत नाही यात दिवस जातो. भाषांतराआधी पन्नास शब्दांची यादी पक्की करा. "टर्न" ला पाळी म्हणायचं ठरलं की मराठीत "तुमची पाळी आहे" आणि अहिराणीत "तुनी पाळी शे", सगळीकडे तेच. नंदुरबारकडची, धुळ्याची आणि चोपडा-यावलकडची बोली एकसारखी नाही. कोणाची घ्यायची ते आधीच बसून ठरवा, नंतर दुखावलेली माणसं परत येत नाहीत.

---

अनेर

माणसं जोडण्याबद्दल लिहितो, कारण बाकीचं सगळं जमूनही प्रकल्प इथंच परत झोपतात.

आवाहन आत्ता करू नका. आवाहनानं आलेला माणूस पहिल्या संध्याकाळी खेळ चालवून बघतो. चालला नाही की तो गेला, आणि दुसऱ्यांदा येत नाही. आधी एवढं हवं : कोऱ्या उबुंटूवर लागणाऱ्या पॅकेजेसची एक ओळ, बिल्डची एक ओळ, पंधरा मिनिटांत खेळ चालू. ज्यानं कोड कधी पाहिला नाही अशाला बसवून घड्याळ लावा. त्याला प्रश्न विचारावा लागला की तो रीडमीतला दोष.

बिल्ड न करणाऱ्यांसाठी रोजची तयार फाईल, विंडोजची झिप आणि लिनक्सची ॲपइमेज. गिटहब ॲक्शन्स (आपोआप बिल्ड करणारी सेवा) सार्वजनिक रिपॉझिटरीला फुकट आहे. पण आर्टिफॅक्ट (तिथं तयार झालेल्या फाईली) उतरवायला लॉगिन लागतं आणि ते ९० दिवसांनी जातात, म्हणून "नाइटली" नावाचं प्री-रिलीज ठेवून त्यावर फाईल चढवा. ॲपइमेज जुन्या उबुंटूवर बनवा, नव्या जीलिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बनवलेली जुन्या मशीनवर उघडत नाही. चित्र-आवाजाची रिपॉझिटरी वेगळी करा. कोड दुरुस्त करायला आलेल्याला सगळा चित्रांचा इतिहास उतरवावा लागला तर दीड जीबीत तो दिवस गेला. उथळ क्लोनची (जुन्या इतिहासाशिवाय प्रत घ्यायची) ओळही रीडमीत द्या.

पहिलं रिलीज : नवीन काहीही नाही. जुना खेळ, नव्या मशीनवर चालतो, इतकंच. जुने खेळाडू याच बातमीनं परततात, आणि नियमांची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. एकच भर घाला, ऑटोसेव्ह. आपल्याकडे वीज मध्येच जाते आणि सेव्ह फाईल अर्धी लिहिलेली राहते. आधी तात्पुरत्या नावानं पूर्ण लिहा, एफसिंक करा (डिस्कवर खरंच लिहून घ्या), मग रिनेम करा. विंडोजवर साधं रिनेम आधीची फाईल असली की नापास होतं, तिथं मूव्हफाईलईएक्स बदली-खुणेसह वापरा.

"पहिलं काम" असं लेबल लावलेली दहा कामं कायम उघडी ठेवा. प्रत्येकात फाईलचं नाव, काय बदलायचं, झालं हे कसं तपासायचं. "एआय सुधारा" हे काम नव्हे, ती इच्छा आहे. "शेवटची तुकडी मेल्यावर एआयची टर्न संपत नाही, हा सेव्ह उघडा, टर्न ४२ ला दिसेल" हे काम. तुकड्यांचे आकडे आणि जमिनीचे नियम कोडमधून मजकूर फाईलींत काढलेत तर ही कामं सी++ न येणाऱ्यालाही देता येतील. फ्रीसिव्हमध्ये नियम असेच मजकुराच्या रूलसेटमध्ये आहेत.

नवख्याच्या पॅचला दोन दिवसांत उत्तर. तपासायला वेळ नसेल तर "रविवारी बघतो" एवढं तरी. आणि चुकलेल्या पॅचमध्ये लहान दुरुस्ती स्वतः करून घ्या, स्पेस आणि टॅबसाठी माणसाला तीनदा परत पाठवू नका. काम अंगावर घेऊन दोन आठवडे हालचाल नसेल तर नम्रपणे मोकळं करा, नाहीतर चांगली कामं अडून राहतात.

व्हॉट्सॲप ग्रुप गप्पांना ठेवा, पण निर्णय इश्यूमध्येच. सहा महिन्यांनी आलेल्याला ग्रुपमधलं काहीच दिसत नाही, आणि "हे असं का" याचं उत्तर मिळालं नाही की तो तेच पुन्हा मोडतो.

दर रविवारी ठरलेल्या वेळी दीड तास डाव. सगळे त्याच नाइटलीवर, छोटा नकाशा, टर्नला ६० सेकंद. एकामागून एक टर्न असेल तर आठ जणांत प्रत्येकाला सात मिनिटं थांबावं लागतं आणि तिसऱ्या फेरीला माणसं उठतात, त्यामुळे चौघंच घ्या किंवा एकाच वेळी हुकूम देण्याची सोय आधी करा. डाव संपला की चेकसमच्या नोंदी गोळा, दोन नवे इश्यू, झालं.

रिलीज दर आठ-दहा आठवड्यांनी, तयार असेल तेवढं. नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मे सोडून, परीक्षांत तुमचे निम्मे लोक नसतील. रिपॉझिटरी, डोमेन आणि व्हीपीएसचा ताबा किमान तिघांकडे, वेगवेगळ्या गावातल्या. एकाची नोकरी पुण्याला लागली की किल्ल्या त्याच्यासोबत जातात, हे तुमच्या वयाच्या टीममध्ये होणारच आहे.

आणि गोडो म्हणणाऱ्या दोघांना नाराज करू नका. त्यांना गोडो ४ मध्ये नकाशा-संपादक करू द्या. तो वेगळा प्रोग्राम, खेळाची नकाशा फाईल वाचतो आणि लिहितो. गोडो ४ मध्ये देवनागरी नीट दिसते (३ मध्ये नाही), त्यामुळे शहाद्याचे भाऊ सांगतात तो खानदेशचा नकाशा त्याच्यातच बनेल.

---

तापीकाठ (जळगाव)

आरसिंक पूर्ण झालं. माथे तपासले : २१४ सी++ फाईलींत "२ किंवा नंतरची" आहे, ६ फाईलींत काहीच नाही. त्या सहा सगळ्या एकाच माणसाच्या, ध्वनीच्या भागातल्या. चित्रांचा तक्ता भुसावळची मंडळी करत आहे. त्या सहा फाईलींचं काय करावं?

---

पांझरा (धुळे)

त्या माणसाचा कमिट संदेश वाचा, आणि रिपॉझिटरीच्या मुळाशी कॉपीइंग (लायसन्सची) फाईल तेव्हा होती का ते बघा. मेलही करा, जुना पत्ता लेखकांच्या फाईलमध्ये आलाच असेल. "माझ्या या सहा फाईली जीपीएल २ किंवा नंतरच्या आवृत्तीखाली आहेत" एवढं एक वाक्य परत आलं की ते रिपॉझिटरीत ठेवा. तीन आठवडे वाट बघा. नाहीच आलं तर ध्वनीचा भाग एसडीएल-मिक्सरवर नव्याने लिहा. सहा फाईलींचं काम आठवड्याभराचं आहे, मात्र ज्यानं त्या फाईली उघडून वाचल्यात त्यानं ते लिहू नये.